सात टाके आणि नंतरचं शहाणपण

उजव्या हाताच्या तर्जनीला सात टाके पडले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि इंजिन होतं दीड सीसीचं. दीड सीसी म्हणजे किती? इंजेक्शनच्या दोन मिलीच्या सिरिंजमध्ये मावेल एवढी त्या सिलिंडरची जागा. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "उसाच्या चरकात घातलं का बोट?" नगर जिल्ह्यातल्या डॉक्टरला दुसरं काय सुचणार! मी म्हणालो, "नाही, विमानात." त्यांनी कंपाउंडरकडे पाहिलं, कंपाउंडरने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे कुणी काही बोललं नाही.

ते इंजिन कलकत्त्याच्या ऑरोराचं. पुण्याच्या जुन्या बाजारात नटबोल्टांच्या ढिगात, एरंडेलाने चिकटून बसलेलं मिळालं. तेव्हा नागापूर एमआयडीसीत लेथवर उमेदवारी करत होतो. अर्ध्या पगारावर पाणी सोडून ते घेतलं आणि घरी सांगितलं की शिलाई मशीनचा भाग आहे. त्यानंतर चाळीसेक वर्षं गेली. बरीच इंजिनं हाताखालून गेली, काही मी बिघडवली, एक जाळलं. आता लोणी, कोपरगाव, संगमनेरची इंजिनिअरिंगची मुलं स्पर्धेची विमानं घेऊन रविवारी येतात आणि "काका, हे सुरूच होत नाही" म्हणतात. त्यांना दर वेळी तेच तेच सांगतो, म्हणून एकदा लिहून काढलं. क्रम महत्त्वाचा म्हणून लावलेला नाही, आठवेल तसा आहे.

1. आधी बंद करायला शिका.

दोन वर्षांपूर्वी एका टोळक्यात एक मुलगी होती. बाकीचे सगळे इंधनाची नीडल किती फेरे उघडायची, प्लग कुठला, यावर भांडत होते. ती म्हणाली, "काका, सुरू झाल्यावर बंद कसं करायचं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न आधी विचारणारी ती पहिलीच. माझे सात टाके याच प्रश्नाचे होते. इंजिन सुरू करताना बोट गेलं नव्हतं. ते सुरू झालं, मी हरखलो, मग ते अंगात आल्यासारखं किंचाळायला लागलं आणि मी घाबरून हवा आत ओढणारं तोंड बोटाने दाबायला समोरून हात घातला. तोंड पंख्याच्या मागे अंगठ्याएवढ्या अंतरावर. पुढचं सांगायला नको.

रेडिओवर चालणाऱ्या इंजिनाला थ्रॉटल असतो. तो पूर्ण मिटला की इंजिन गप्प होतं की नाही, हे इंजिन थंड असतानाच कार्ब्युरेटरच्या तोंडात डोकावून बघा. केसाएवढी फट राहिली तरी ते चालूच राहील. जुन्या डिझेल इंजिनाला थ्रॉटलच नसतो. तिथे टाकीपासून येणारी नळी मागच्या बाजूने चिमटीत धरायची. त्यासाठी नळी थोडी लांब आणि हाताला सापडेल अशी ठेवायची. मी कपडे वाळत घालायचा चिमटा जवळ ठेवतो. दहा रुपयांत डझन मिळतात म्हणणारा मी जुना माणूस, आता भाव काय असेल तो असो.

2. पंखा किती जोरात फिरतो, ते एकदा कागदावर मांडा.

चाळीस नंबरच्या इंजिनाला, म्हणजे साडेसहा सीसीच्या, साधारण दहा इंची पंखा लागतो. मिनिटाला बारा हजार फेरे धरले तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी पावणेसहाशे किलोमीटरच्या घरात जातो. सेकंदाला दोनशे फेरे, पाती दोन, म्हणजे एकाच जागेवरून सेकंदात चारशे वेळा पातं जातं. पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग धरला तरी तेवढ्यात चाळीस वेळा. "मी पटकन हात मागे घेईन" म्हणणाऱ्या पोरांना मी हाच हिशेब करायला लावतो. गणित पक्कं असलेली पोरं लगेच गप्प होतात.

शिवाय फिरताना पंखा दिसत नाही, नुसती धुरकट तबकडी दिसते. पात्यांची टोकं पांढऱ्या रंगाने रंगवली की निदान कडा तरी दिसते.

3. बोटाने फिरवू नका. झाडूचा दांडा घ्या.

परदेशी दुकानांत यासाठी रबर चढवलेली काठी मिळते. तिला चिकन स्टिक म्हणतात, म्हणजे भित्र्यांची काठी. हे नाव ठेवणाऱ्याची दहाही बोटं शाबूत असतील अशी आशा आहे. आपल्याकडे मोडक्या झाडूचा वीतभर दांडा घ्यायचा आणि त्यावर बागेच्या पाण्याच्या पाइपचा तुकडा गरम पाण्यात मऊ करून सरकवायचा. खर्च शून्य.

समोरून पाहिलं तर पंखा घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो. तो बसवताना अशा बेताने आवळा की हाताने फिरवताना पिस्टनचा दाब लागू लागेल तेव्हा तुमच्या डावीकडचं पातं घड्याळातल्या दहाच्या जागी असेल. म्हणजे फटका वरून खाली बसतो आणि हात आपोआप पंख्यापासून लांब जातो. फटका पात्याच्या मध्यावर द्यायचा आणि अर्धवट थांबवायचा नाही. जुन्या बुलेटला भीतभीत किक मारणाऱ्याच्या पायाचं काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना समजेल. छोटं इंजिनही तसाच उलटा फटका देतं.

4. विमानाला दावं बांधा.

गोठ्यातला बैल मोकळा सोडून त्याला पराणी टोचतं का कुणी? पण थ्रॉटल उघडा राहिलेलं विमान मोकळं ठेवून सुरू करणारे मी पाहिले आहेत. जमिनीत हातभर खुंटी ठोका आणि शेपटीच्या पुढून दोर घ्या. त्याशिवाय एक माणूस मागे बसून धरायला हवाच. इंजिन सुटं चालवून बघायचं असेल तर बाभळीच्या जाड फळीवर चार बोल्टांनी, डबल नट लावून बसवा आणि फळी टेबलाला दोन सी-क्लॅम्पनी आवळा. खिळ्यांवर भागवू नका. थरथरीने खिळे वर येतात.

बघ्यांना पंख्याच्या बाजूला, त्याच्या रेषेत उभं राहू देऊ नका. पातं तुटलं तर ते बाजूलाच उडतं. सगळ्यांनी मागे जायचं. सुरू करणाऱ्यानेही इंजिन लागलं की वळसा घालून मागे जायचं आणि नीडल, प्लगची क्लिप, सगळं मागूनच हाताळायचं. पंख्यावरून ओणवं व्हायचं नाही. गळ्यातला आयकार्डचा पट्टा, मफलर, ओढणी, सैल बाही काढून किंवा खोचून ठेवायची. कॉलेजच्या पोरांच्या गळ्यात तो पट्टा हटकून असतो.

5. पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही.

नगरी माणसाला काटकसर शिकवावी लागत नाही. कुठे थांबायचं ते मात्र मला ठेचा खाऊन कळलं.

काठी, खुंटी, फळी, टूलबॉक्स घरचं चालतं. स्टार्टरसाठी बॅटरी नवी घ्यायची गरज नाही. कॉम्प्युटरच्या यूपीएसमधली 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची बॅटरी यूपीएससाठी थकलेली असली तरी इथे बऱ्याचदा चालून जाते. ग्लो प्लग तापवायला विकत मिळणारं यंत्रही टाळता येतं. दुरुस्तीवाल्याकडे बंद पडलेल्या कॉर्डलेस ड्रिलचे पॅक पडलेले असतात. त्यात 1.2 व्होल्टचे सेल ओळीने जोडलेले असतात आणि पॅक मेला तरी एखाददुसरा सेल धडधाकट निघतो. पॅक मात्र जुन्या निकेलच्या सेलचा बघा, लिथियमचा नको. त्या एका सेलवर महिनाभराचे रविवार निघतात.

प्लगवर 12 व्होल्ट थेट देऊ नका. हे मी केलेलं आहे. ती प्लॅटिनमची केसाएवढी तार दीड व्होल्टच्या बेताने बनवलेली असते. स्कूटरच्या बॅटरीला जोडली तेव्हा फ्लॅशसारखा प्रकाश पडला आणि मुंबईहून व्हीपीने मागवलेला प्लग खलास झाला. 1947 साली अमेरिकेत रे आर्डनने हा प्लग बाजारात आणला, तेव्हापासून त्याची युक्ती तीच आहे. सुरुवातीला तार बॅटरीवर लाल करायची, नंतर इंजिनाची ऊब आणि मिथेनॉलच्या वाफेवर प्लॅटिनमचा होणारा परिणाम यांवर ती लाल राहते. बॅटरी काढून घेता येते.

आता जिथे पैसे वाचवायचे नाहीत तिथलं. पंखा. कड उडालेला, चीर गेलेला, जमिनीला टेकलेला पंखा सरळ मोडून टाका. फेकू नका, मोडा. फेकलेला पंखा दुसरा कुणीतरी उचलतो आणि फेविक्विकने चिकटवतो. तो चिकटवणारा एकेकाळी मी होतो. निम्मं पातं शेडच्या पत्र्यातून आरपार गेलं. पत्र्यातलं ते भोक अजून आहे आणि पावसाळ्यात तिथून गळतं.

6. इंधनाचं जरा सविस्तर.

ग्लो इंजिन पेट्रोलवर चालत नाही. टू-स्ट्रोकचं तेल घातलेल्या पेट्रोलवरही चालत नाही. दर वर्षी कुणीतरी करून बघतं. त्याला मिथेनॉल लागतं, त्यात पाचवा हिस्सा किंवा थोडं जास्त तेल आणि जमलं तर थोडं नायट्रोमिथेन. तेलात एरंडेलाला तोड नाही. इंजिन तापून कोरडं पडू लागलं तरी ते धातूला धरून बसतं. पण घाण्यावरचं गाळ असलेलं नको, औषधाच्या दुकानातलं स्वच्छ हवं.

मिथेनॉल घरी आणून मिसळायच्या भानगडीत आता मी पडत नाही आणि तुम्हीही पडू नका. ते विष आहे, विकायला आणि बाळगायला परवाना लागतो आणि तसा तो लागावाच. 2015 साली मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं गेली ती दारूतल्या मिथेनॉलनेच. तयार इंधन विकत घ्या, चार पैसे जास्त जातील. आणि ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नका. एप्रिलमध्ये नगरच्या माळावर दुपारी तहान लागलेला माणूस बाटलीवरची चिठ्ठी वाचत बसत नाही. आमच्याकडे एकाने झाकण उघडून तोंडाला लावली होती. वासाने थांबला म्हणून वाचला. त्या दिवसापासून माझा डबा पत्र्याचा आहे, लाल रंगाचा, त्यावर कवटी काढलेली. कवटी माझ्या नातवाने काढली, ती हसल्यासारखी दिसते, पण काम करते.

मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. माझं एक इंजिन जळालं ते असंच. मी नुसता उभा राहून "हे एवढं तापलं कशानं" म्हणत होतो आणि पंखाला लावलेलं प्लास्टिक आपोआप आक्रसत चाललं होतं. म्हणून शेजारी ओलं गोणपाट आणि बादलीभर पाणी हवंच. मिथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे पाण्याने विझतं.

जुन्या मॉडेल डिझेलचं वेगळं. त्याला प्लग नाही, बॅटरी नाही, नुसत्या दाबावर पेटतं. डोक्यावरचा दांडीचा स्क्रू फिरवून दाब कमीजास्त करायचा. सुरू करायला सगळ्यांत स्वस्त तेच, पण त्याच्या इंधनात ईथर असतं, बरोबर रॉकेल आणि एरंडेल, ढोबळमानाने तिन्हींचे सारखे भाग. तरुणपणी माझ्या हातांना सतत तो वास यायचा आणि आई विचारायची, "दवाखान्यात गेला होतास का रे?" ईथरची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला देवापुढे निरांजन असेल तर तिथे जाऊन पेट घेते. घरात उघडू नका. उघडलेली बाटली वर्षानुवर्षं ठेवू नका, ईथर जुनं झालं की त्यात स्फोटक पदार्थ तयार होतात. इथे आग लागली तर पाणी कामाचं नाही, वाळू टाकायची. आता ईथर सहज मिळत नाही आणि रॉकेल रेशनवरूनही गेलं. डिझेल इंजिनं माझ्या कपाटात बसून असतात.

7. सुरू होत नसेल तर थांबा.

तीस फटके मारूनही लागत नाही, तेव्हा माणूस चिडतो आणि एकतिसावा फटका हाताने मारतो. चिडलात की पाणी प्या, ते पाणीच आहे याची खात्री करून.

मग क्रमाने बघा. प्लग काढून बाहेर तापवा, तार नारंगी दिसली पाहिजे. निम्म्या वेळा दोष इथेच सापडतो. नंतर इंधन नळीतून येतंय का ते बघा. प्लग लावण्याआधीच, बॅटरी लांब असताना, कार्ब्युरेटरच्या तोंडावर बोट ठेवून पंखा दोन फेरे फिरवला की नळीतून इंधन सरकताना दिसतं. जास्त चोक झालं तर सिलिंडरमध्ये इंधन साचतं आणि पंखा फिरवताना मध्येच भिंतीला टेकल्यासारखा अडतो. अशा वेळी स्टार्टर लावणं म्हणजे स्वतःच्या हाताने कनेक्टिंग रॉड वाकवणं. द्रव दाबला जात नाही, मग दुसरं काहीतरी वाकतं. प्लग काढा, विमान उलटं करा, फिरवून सगळं बाहेर येऊ द्या. स्टार्टर लावण्याआधी दर वेळी एक फेरा हाताने, बॅटरी जोडलेली नसताना.

8. नगरची हवा आणि नगरची धूळ.

नगर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच आहे. हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ, म्हणून मुंबईला जुळवलेलं इंजिन इथे जरा जास्त इंधन पितं, धूर टाकतं आणि नीडल किंचित आवळावी लागते. किंचितच. आवाज चढत चढत टिपेला गेला की पोरांना वाटतं जमलं. तिथून पाव फेरा मागे या. त्या टिपेवर इंजिन तेलाविना तापत असतं. नव्या इंजिनाला तर पहिल्या काही टाक्या भरपूर धूर काढत चालवा.

धुळीचं औषध एकच. काळ्या रानात विमान जमिनीवर ठेवून सुरू करू नका, खाली जुनी सतरंजी किंवा ताडपत्री टाका. पंखा माती उचलतो आणि कार्ब्युरेटर ती गिळतो.

9. इलेक्ट्रिक मोटरला गरीब समजू नका.

आता बहुतेक पोरं बॅटरीवर उडवतात. तेल नाही, वास नाही, फटका मारणं नाही. पण इंजिन बोटाला लागलं की बहुधा बंद तरी पडतं. मोटर अडली तर कंट्रोलर आणखी जोर लावतो. ती सुरू होण्याआधी आवाजही करत नाही. टेबलावर जुळवाजुळव करताना पंखा काढून ठेवा. एवढं केलंत तरी पुष्कळ.

10. जागा.

नगर हे लष्कराचं गाव. आर्मर्ड कोअरचं केंद्र इथे, केके रेंजचा गोळीबार सराव शेजारी, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथे. निशांत या मानवरहित विमानाच्या देशी वांकेल इंजिनात याच व्हीआरडीईचा वाटा होता. 5 एप्रिल 2009 ला ते इंजिन लावून निशांत कोलारजवळ उडालं. ती बातमी वाचून मला उगाचच आपण त्या खात्यातले असल्यासारखं वाटलं होतं. अशा गावात "लहानसं खेळणं आहे" हे उत्तर कुणी ऐकून घेणार नाही. 2021 च्या ड्रोन नियमांत हौशी मॉडेललाही व्याख्या आहे: वजन 25 किलोच्या आत, वापर शिक्षणाचा, संशोधनाचा किंवा हौसेचा, आणि उडवायचं ते नजरेच्या टप्प्यात. आकाशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्यांत वाटलेला आहे. तो सरकारी संकेतस्थळावर दिसतो. काकडीला विमानतळ झाल्यापासून शिर्डीच्या बाजूच्यांनीही तो आधी बघावा.

मग ज्याचं रान आहे त्याला विचारा. जेऊरकडच्या एका शेतकऱ्याला मी भीतभीत विचारलं होतं, आवाज होईल म्हणून. तो म्हणाला, "रोज या. ज्वारी निसवलीय, पाखरं बसत नाहीत, गोफण फिरवायचा वैताग वाचतो." मात्र गोठ्यापासून लांब राहा. पहिल्या दिवशी त्याची म्हैस दावं तोडून पळाली आणि आम्ही सगळे विमान सोडून तिच्या मागे.

11. संध्याकाळी घरी गेल्यावर.

टाकी रिकामी करा आणि नळी काढून इंजिन उरलेल्या इंधनावर चालवून कोरडं होऊ द्या. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि बेअरिंग गंजतात, म्हणून शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब आत सोडून पंखा फिरवा. मी दमलो म्हणून पुष्कळदा हे टाळलं आणि पुष्कळ बेअरिंगं बदलली.

शेवटी एक विनंती. कुणाच्या माळ्यावर वडिलांचं, काकांचं असं एखादं इंजिन पडून असेल, घट्ट बसलेलं, फिरत नसलेलं, तर ते भंगारात घालू नका आणि पंखा धरून किंवा पक्कडीने पिळू नका. ते बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं, आतलं एरंडेल वाळून डिंकासारखं झालेलं असतं. केस वाळवायच्या यंत्राने दहा मिनिटं ऊब द्या, पातळ तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा ऊब द्या आणि बोटांच्या जोरावर सरकतं का बघा. नाहीच सरकलं तर रविवारी सकाळी घेऊन या.